जुन्या ट्रॅक्टरचे पाणी जाते कोठे?
इंजिन तापणे व पाणी कमी होणे यांची कारणे आणि त्यांची तपासणी

मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी सुरू झाली म्हणजे पुष्कळ खळ्यांवर जुन्या ट्रॅक्टरच्या चाकाशेजारी पाण्याचा एक डबा ठेवलेला दृष्टीस पडतो. तास-दोन तासांनी चालक मळणी थांबवितो, रेडिएटरमध्ये डबाभर पाणी ओततो आणि पुन्हा कामास लागतो. कोणी विचारले तर, "गाडी जुनी झाली, आता पाणी पिणारच," असे उत्तर मिळते. हंगाम अर्ध्यावर आला असता एके दिवशी डबा आणावयास थोडा उशीर होतो. इंजिनाचा आवाज बदलतो, ते जड चालू लागते आणि बंद पडते. जे काम एक क्लिप आवळून किंवा एक रबरी नळी बदलून भागले असते, त्यासाठी आता हेड उतरविणे भाग पडते, आणि मळणीचा हंगाम हातचा जातो.

ह्या नुकसानीचे मूळ एका गैरसमजात आहे. इंजिन डिझेल खाते. वयपरत्वे थोडे ऑइलही खाते. परंतु पाणी खात नाही. रेडिएटरातील पाणी एका बंद मार्गात पुन्हा पुन्हा फिरत असते. ते कमी झाले तर ते कोठून तरी बाहेर गेले असले पाहिजे. ती वाट शोधून काढणे हाच उपाय होय. नुसते पाणी ओतत राहणे म्हणजे रोग झाकून ठेवणे. ही वाट शेतकऱ्यास स्वतः, फारशी हत्यारे न वापरता, कशी शोधता येईल ह्याची माहिती पुढे दिली आहे. ज्या इंजिनांना रेडिएटर नसून जी केवळ हवेने थंड होतात, त्यांना ही माहिती लागू नाही.

पाण्याचे काम

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी सुमारे एक तृतीयांश उष्णतेचेच प्रत्यक्ष कामात रूपांतर होते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली उष्णता पाणी, ऑइल व भोवतालची हवा यांना वाहून न्यावी लागते आणि तीत पाण्याचा वाटा मोठा असतो. सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरताना पाणी तापते, वरच्या रबरी नळीने रेडिएटरात येते, तेथील बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पंपाकडे परत जाते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडील वाट बंद ठेवते व पाणी पुरेसे तापले म्हणजे ती उघडते. बहुतेक इंजिनांत पाण्याचे योग्य तापमान ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते.

ह्या व्यवस्थेत रेडिएटरचे झाकण हा दिसण्यात क्षुल्लक पण महत्त्वाचा भाग आहे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांस उकळते. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या ठिकाणी ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणातील स्प्रिंग आतील पाण्यावर दाब ठेवते, त्यामुळे पाणी उशिरा उकळते. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो इतका जादा दाब असेल तर समुद्रसपाटीवर उकळण्याचे तापमान सुमारे १११ अंशांपर्यंत चढते. स्प्रिंग ढिली झाली किंवा झाकणाचे रबर फाटले तर हा लाभ नाहीसा होतो, आणि इंजिनात दुसरा कोणताही दोष नसताना पाणी उकळून बाहेर जाऊ लागते.

तापलेले इंजिन व माणसाची सुरक्षितता

तपासणीच्या आधी एक नियम चालकाच्या मनावर पक्का बिंबविला पाहिजे. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असूनही केवळ दाबामुळे उकळत नसते. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो व तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर व छातीवर उसळते. हातावर गोणपाट धरून झाकण उघडण्याची रीत सुरक्षित नाही.

काटा लाल खुणेकडे जाऊ लागला तर प्रथम भार काढावा, म्हणजे मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटर बंद करावा. पंखा व पंप फिरत असतील आणि पाण्याची मोठी गळती दिसत नसेल तर इंजिन एक-दोन मिनिटे मंद गतीने चालू द्यावे व काटा खाली येतो किंवा कसे ते पाहावे. पट्टा तुटला असेल, पाणी वेगाने वाहत असेल किंवा काटा उतरत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यानंतर निदान अर्धा ते पाऊण तास थांबावे. वरच्या रबरी नळीवर हात ठेवता येऊ लागला व ती दाबली असता मऊ लागली म्हणजेच झाकणास हात लावावा. तेही प्रथम पहिल्या खाचेपर्यंत फिरवून उरलेली वाफ जाऊ द्यावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण बिडाचे हेड त्यामुळे तडकते.

इतके करूनही कोणी भाजल्यास भाजलेल्या भागावर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, स्वच्छ कापडाने तो झाकावा आणि दवाखान्यात न्यावे. शाई, टूथपेस्ट, तेल असे काही लावू नये. बर्फही लावू नये.

पहिला प्रश्न : पाणी खरोखर कमी होते काय?

तपासणीचा आरंभ ह्याच प्रश्नापासून करावा. ज्या जुन्या ट्रॅक्टरांना जादा पाण्याची वेगळी बाटली नसते, त्यांचा रेडिएटर काठोकाठ भरला तर पाणी तापून फुगते व त्यातील काही ओव्हरफ्लो नळीने बाहेर पडते. नंतर पातळी थोडी खाली येऊन स्थिर होते. चालक दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरतो, पुन्हा तितकेच पाणी सांडते, आणि गळती नसताना गळतीचा संशय उत्पन्न होतो.

ह्यासाठी सकाळी इंजिन थंड असताना, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, पाणी पुस्तिकेत सांगितलेल्या पातळीपर्यंतच भरावे. पुस्तिका उपलब्ध नसल्यास रेडिएटरच्या आतील नळ्या पूर्ण बुडून वर थोडी मोकळी जागा राहील इतके भरावे. नंतर चार दिवस, रोज त्याच वेळी व त्याच जागी, एका काडीने पातळी मोजावी आणि कामाच्या तासांसह वहीत लिहून ठेवावी. पातळी एका खुणेवर स्थिर राहिली तर गळती नाही. ती रोज उतरत असेल तर गळती आहे. अल्पशा कामात बरेच पाणी जात असेल तर काम त्याच दिवशी थांबवून शोध घ्यावा.

तापमानाच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. काट्यास खबर देणारा भाग पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी त्याच्याखाली गेले तर इंजिन भाजत असतानाही काटा थंड दाखवू शकतो. काम चालू असता काटा एकाएकी खाली आला तर ती शुभ खूण न मानता इंजिन थांबवावे व ते निवल्यावर पाणी पाहावे.

बाहेरची गळती

बाहेरची गळती डोळ्यांनी दिसते, मात्र ती योग्य वेळी पाहावी लागते. काही गळत्या फक्त इंजिन थंड असताना दिसतात, कारण तेव्हा क्लिपा व जोड आकुंचन पावलेले असतात. काही केवळ पाणी तापून दाब चढल्यावर प्रकट होतात, आणि तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब लगेच सुकत असल्याने त्या हुलकावणी देतात. म्हणून रात्री ट्रॅक्टरखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी डाग कोणत्या भागाखाली पडला आहे ते पाहावे. सुकलेल्या गळतीच्या जागी पांढरट क्षाराचा, गंजाचा किंवा कूलंटच्या रंगाचा ओघळ उरतो. त्या ओघळाचा माग वरच्या दिशेने काढीत गेले म्हणजे उगम सापडतो. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. रबरी नळ्या व क्लिपा : नळ्या थंड असताना बोटांनी दाबून पाहाव्यात. भेगा पडलेली, टोकाशी फुगलेली, ऑइल लागून लिबलिबीत झालेली किंवा दगडासारखी कडक झालेली नळी बदलावी. क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळल्यास ती रबर कापते, हेही लक्षात असावे.

२. रेडिएटरचे झाकण व मान : झाकणाचे रबर व स्प्रिंग पाहावी, मानेची कड वाकलेली नाही ह्याची खात्री करावी. झाकण बदलताना त्याच दाबाचे घ्यावे. जास्त दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरचे जोड उघडते.

३. रेडिएटर : वरच्या व खालच्या टाकीचे जोड आणि जाळीवरील ओले किंवा हिरवट-पांढरे डाग पाहावेत. ज्या पट्ट्यांवर रेडिएटर बसविलेला असतो त्यांचे रबर झिजले असेल तर हादऱ्याने जोड पुन्हा पुन्हा उकलतो. असा रेडिएटर कितीही वेळा डाग देऊन आणला तरी टिकणार नाही.

४. पाण्याचा पंप : पंपाच्या खालच्या अंगास एक लहान छिद्र ठेवलेले असते. आतील सील झिजले म्हणजे पाणी तेथून ठिबकते. कित्येक जण हे छिद्र एम-सील लावून बुजवितात. ही मोठी चूक होय, कारण ते पाणी मग बेअरिंगमध्ये शिरते व पंप अडकतो. इंजिन बंद असताना पंखा धरून हलवून पाहावा. तो डगडगत असेल तर बेअरिंग गेले असे समजावे.

५. इंजिनाच्या ठोकळ्यावरील बुचे व नळ : ठोकळ्याच्या अंगावर पत्र्याची गोल बुचे ठोकून बसविलेली असतात. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात ती आतून गंजतात. बाहेरून दिसणारा गंजाचा लहानसा फोड म्हणजे आत भोक पडण्याच्या बेतात आहे असे समजावे. पाणी सोडण्याचा नळही पाहावा.

इतके पाहूनही वाट न सापडल्यास गॅरेजमध्ये दाबाची चाचणी करून घ्यावी. झाकणाच्या जागी एक हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. दाबाचा काटा काही मिनिटे स्थिर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. तो उतरला आणि बाहेर कोठेही थेंब नाही, तर आतील गळतीचा संशय घ्यावा.

आतील गळती

हेड आणि ठोकळा यांच्यामधील हेड गॅसकेट जळणे, हेडला तडा जाणे, किंवा लायनरच्या खालच्या रबरी सीलमधून पाणी झिरपणे अशी आतील गळतीची मुख्य कारणे आहेत. येथे पाणी एक तर सिलिंडरात जाऊन धुराबरोबर बाहेर पडते किंवा ऑइलमध्ये उतरते. पुढील खुणा पाहाव्यात.

पहिली खूण बुडबुड्यांची. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून पाणी मानेपर्यंत भरावे. पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा उतरवावा, म्हणजे पंपाच्या ढवळण्याने होणारे बुडबुडे व खरी खूण यांत गल्लत होणार नाही. मग इंजिन केवळ एक मिनिट चालवावे. मानेत बुडबुडे सतत व एकसारखे येत राहिले तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहे असे मानण्यास जागा आहे. तोंड मानेवर आणून पाहू नये, बाजूने पाहावे.

दुसरी खूण वरच्या नळीची. पट्टा व झाकण बसवून थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापण्यापूर्वीच, मिनिटा-दोन मिनिटांत वरची नळी टणक झाली तर तो दाब वाफेचा नव्हे, वायूचा असतो. नळीस हात लावताना पंख्यापासून बाही व उपरणे दूर ठेवावे.

तिसरी खूण धुराची. थंडीच्या सकाळी सुरुवातीस थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर कारण शोधावे. धुरास कच्च्या डिझेलचा वास असून डोळे चुरचुरत असतील तर दोष इंजेक्टर किंवा पंपाचा असण्याचा संभव अधिक. तसा वास नसेल, धूर वाफेसारखा विरत असेल आणि रेडिएटरातील पाणीही घटत असेल, तर पाणी सिलिंडरात जात आहे.

चौथी खूण ऑइलची. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल न घालता पातळी वाढली असेल तर त्यात पाणी किंवा डिझेल मिसळले आहे. डिझेलने ऑइल पातळ होते व त्यास डिझेलचा वास येतो, तर पाण्याने ते दुधी, चहासारखे दिसते. शंका उरल्यास सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चेंबरखालचा बोल्ट थोडा सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. मात्र पावसाळ्यात थोडा वेळच चालविलेल्या ट्रॅक्टरच्या ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दमटपणामुळे पांढरट साय जमते. तेवढ्यावरून गॅसकेट गेले असा निष्कर्ष काढू नये.

ऑइलमध्ये पाणी आढळले तर इंजिन पुढे मुळीच चालवू नये. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही, आणि अर्ध्या दिवसाच्या मळणीच्या लोभाने क्रँक खराब होते. त्याचप्रमाणे सकाळी स्टार्टर मारताच इंजिन एका ठिकाणी अडून बसले तर पुन्हा पुन्हा जोर करू नये व ट्रॅक्टर ओढूनही सुरू करू नये. सिलिंडरात पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. फिटरला बोलावून इंजेक्टर काढून पाहावे.

पाणी न घटता इंजिन तापणे

पातळी स्थिर आहे, तरी काटा चढतो, अशा वेळी उष्णता बाहेर जाण्याची वाट अडली आहे किंवा उष्णता जास्त निर्माण होत आहे.

खळ्यावर सर्वांत सामान्य कारण म्हणजे जाळीत अडकलेला भुसा. समोरून पाहता जाळी स्वच्छ दिसते, पण समोरची जाळी व रेडिएटर यांच्यामधील जागेत भुशाची गादी तयार झालेली असते. बहुतेक ट्रॅक्टरांत पंखा हवा समोरून आत ओढतो. म्हणून इंजिन बंद व थंड असताना, पंख्याच्या बाजूकडून समोरच्या दिशेस हवा किंवा हलक्या धारेचे पाणी मारावे. समोरून मारल्यास भुसा आणखी आत जातो, आणि जोराच्या धारेने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. मळणीच्या दिवसांत हे काम रोज करावे. ट्रॅक्टर उभा करतानाही मळणी यंत्रातून उडणारा भुसा वाऱ्याने तोंडावर येणार नाही अशी दिशा निवडावी.

त्यानंतर फॅनचा पट्टा पाहावा. सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबावा. नेमके माप पुस्तिकेत असते. चकचकीत झालेला, ऑइल लागलेला किंवा खाचेच्या तळास टेकलेला पट्टा ताणूनही घसरतो.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर वरची नळी फार वेळ गारच राहते व काटा मात्र चढत जातो. त्याची परीक्षा घरीच होते. तो काढून, दोऱ्याने टांगून, पाण्याच्या भांड्यात बुडवावा आणि भांडे चुलीवर ठेवावे. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या जवळपास तो उघडू लागला पाहिजे व पाणी निवताना मिटला पाहिजे. तो न उघडल्यास नवा बसवावा. थर्मोस्टॅट काढून टाकून ट्रॅक्टर चालविण्याची सवय बरी नव्हे. इंजिन फार वेळ थंड चालल्याने डिझेल जास्त लागते व सिलिंडर लवकर झिजतात.

खालची नळी आतून सुटली असेल तर वेग वाढविताच ती आत ओढली जाऊन चपटी होते व पाणी अडते. ह्याशिवाय ऑइल कमी असणे, ब्रेक चिकटून राहणे, इंजेक्शन पंपाची वेळ चुकणे आणि शक्तीबाहेरचा भार टाकणे ह्यांमुळेही इंजिन तापते. ट्रॅक्टरवर पाण्याचे तापमान किती चढते ही गोष्ट यंत्राच्या परीक्षेचाच एक भाग आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेत ट्रॅक्टरांची जी चाचणी होते तीतही ते मोजले जाते. मळणीसारख्या तासन् तास चालणाऱ्या स्थिर कामात ट्रॅक्टर पुढे सरकत नसल्याने समोरून आपोआप हवा मिळत नाही. म्हणून रस्त्यावर न तापणारा ट्रॅक्टर खळ्यावर तापला तर नवल नाही.

पाणी कोणते भरावे

येथे डब्याच्या सवयीचा खरा तोटा ध्यानात येतो. विहिरीचे व विशेषतः विंधन विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. स्नानाचे पाणी तापविण्याच्या बंबात आतून जो पांढरा थर धरतो, तोच थर सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांत व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हा थर उष्णता सहज जाऊ देत नाही. एकदा भरलेल्या पाण्यात जेवढा क्षार असेल तेवढाच बसून थांबतो. परंतु वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी रोज नवे पाणी ओतले तर जाते फक्त पाणी, क्षार मागे राहतो. थर वाढला की इंजिन अधिक तापते, अधिक पाणी उकळून जाते, पुन्हा डबा लागतो. अशा रीतीने डबा रोग झाकतो इतकेच नव्हे, तर तो वाढवितो.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारतात. कूलंट केवळ गोठण्यापासून रक्षण करीत नाही. त्यातील गंजरोधक द्रव्ये लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम यांचे रक्षण करतात, लायनरला बाहेरून पडणारे बारीक खड्डे टाळण्यास मदत करतात, आणि इथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यातही सुमारे १०७ अंशांस उकळते. घट्ट कूलंट घेतल्यास त्यात बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. तयार मिश्रणात मात्र पाणी घालू नये. दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नयेत. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असे नसते. अडचणीच्या वेळी स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी विंधन विहिरीच्या पाण्याहून बरे, पण त्यात गंजरोधक नसल्याने ते तात्पुरतेच समजावे.

कूलंट विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट कुत्रे, वासरे चाटतात व दगावतात. ते मुलांच्या हाती लागेल अशा जागी, अथवा पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. काढलेले कूलंट ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

आत जमलेला गंज व क्षार काढण्यासाठी जुने मिस्त्री धुण्याच्या सोड्याचे पाणी वापरीत. तांब्या-पितळेच्या रेडिएटरना ते चालत असे. अलीकडील पुष्कळ रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात व सोडा ॲल्युमिनियम खातो. म्हणून रेडिएटर कशाचा आहे हे पाहिल्याशिवाय सोडा वापरू नये.

तात्पुरते उपाय व कायमची दुरुस्ती

वाटेत रेडिएटर ठिबकू लागल्यास त्यात हळद टाकण्याची युक्ती चालकांना ठाऊक असते. हळद भोकात अडकून थेंब थांबतो हे खरे. पण तीच हळद चांगल्या नळ्यांतही बसते. बाजारातील गळती थांबविणाऱ्या पुड्यांचेही असेच आहे. घरी पोहोचण्यापुरता त्यांचा उपयोग करावा, आणि पोहोचल्यावर रेडिएटर धुऊन खरी दुरुस्ती करावी.

वर दिलेला तपासणीचा क्रम बराचसा खर्चाचाही क्रम आहे. क्लिप, नळी, झाकण, पट्टा व थर्मोस्टॅट ही कमी खर्चाची कामे. पंप व रेडिएटर ही मध्यम. गॅसकेट, हेड व लायनर ही मोठी. स्वस्त कारणे नीट तपासल्यावाचून हेड उतरवू नये, आणि आतील गळतीच्या खुणा स्पष्ट असता केवळ नळ्या बदलीत बसू नये. हेड उतरविलेच तर फिटरला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : हेड सपाट आहे की नाही हे सरळ पट्टी व फीलर गेज लावून पाहावे, हेडला तडा नाही ह्याची चाचणी करावी, आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने व टॉर्क पान्याने आवळावेत. वाकलेल्या हेडखाली नवे गॅसकेट घातले तर तेही थोड्याच दिवसांत जळते, आणि शेतकरी एकाच दुरुस्तीचे पैसे दोनदा देतो.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मळणीच्या हंगामापूर्वी, फेब्रुवारीत, गावातील ट्रॅक्टर-मालक व चालक यांना एकत्र आणून सकाळच्या वेळी एक प्रात्यक्षिक घ्यावे. सकाळ ह्यासाठी की इंजिने थंड असतात. एक जुना ट्रॅक्टर घेऊन पुठ्ठ्यावरील डाग, नळ्या, झाकण, पंपाचे छिद्र, डिपस्टिक व बुडबुडे ही तपासणी त्याच क्रमाने, चालकांच्याच हातून करवून घ्यावी. मालकापेक्षा चालकास हे ज्ञान देणे अधिक अगत्याचे आहे, कारण काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो व वाफेने भाजण्याचा धोकाही त्यालाच असतो. पाणी कमी झाल्याचे सांगणाऱ्या चालकावर रागावू नये, असे मालकांना समजावून द्यावे. बोलणी बसतील ह्या भीतीने चालक गुपचूप डबा ओतत राहिला, तर नुकसान अखेर मालकाचेच होते.

प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर एक वही असावी आणि तीत तारीख, कामाचे तास, सकाळची पातळी, घातलेले पाणी व ऑइल यांची नोंद व्हावी. अशी वही घेऊन फिटरकडे गेलेल्या शेतकऱ्यास, "चार दिवसांत दोन लिटर पाणी गेले, बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ आहे," असे नेमके सांगता येते. त्यामुळे फिटरचा वेळ वाचतो व अनावश्यक सुटे भाग बदलले जात नाहीत.

ट्रॅक्टर जुना असणे हा दोष नव्हे. जुने इंजिन नीट निगा राखल्यास पुष्कळ वर्षे काम देते. खळ्यावर पाण्याचा डबा जरूर असावा, पण तो माणसांच्या तहानेसाठी. ट्रॅक्टरला तो रोज लागू लागला तर त्याच दिवशी वही उघडून शोधास लागावे.